हिप्परग्याच्या तलावात अडकलेलं सुकाणू

सोलापूरला जायचे मी ठरवले नाही. ते अण्णाने ठरवले. अण्णा माझा शाळासोबती, सध्या सोलापुरात वकील. न्यायाधीशासमोर त्याला जेवढे बोलता येते त्याच्या दुप्पट त्याला मित्रासमोर बोलता येते, म्हणून नाही म्हणण्याच्या भानगडीत मी पडत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने मुंबईहून एका साहेबाची जुनी शिडाची होडी आणली. समुद्र सोडून ती सोलापूरला का आली, हा प्रश्न होडीलाही पडला असावा. शहराच्या उत्तरेला दोन-अडीच कोसांवर हिप्परग्याचा मोठा तलाव आहे, त्यात त्याने ती सोडली आणि तेव्हापासून तो स्वतःला दर्यावर्दी समजू लागला.

या खेपेचे निमित्त मात्र गंभीर होते. त्याच्या मुलीचे, कुसुमचे, लग्न बार्शीच्या एका आडत्याच्या मुलाशी जवळजवळ ठरत आले होते. मुलाने मुलगी पाहिली होती, मुलीने मुलगा पाहिला होता, दोघांनी एकमेकांना पाहिल्यावर बाकीच्यांनी काही पाहायची गरज नव्हती. पण मुलाचे वडील तात्या यांना एकदा सोयऱ्यांच्या घरी राहून जायचे होते. चळवळीच्या दिवसांत दारूच्या दुकानांपुढे उन्हात उभे राहिलेला हा माणूस. घरात तो थेंब चालवून घेणार नाही, हे सर्वांना माहीत होते. आणि अण्णाचे काय, तेही मला माहीत होते.

ज्यांना हा प्रवास करावयाचा असेल त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याहून सकाळची गाडी धरावी, दौंडला चहा घेऊ नये आणि कुर्डुवाडीला भजी जरूर घ्यावीत. आश्विन महिना उत्तम. पाऊस संपलेला असतो, तलाव काठोकाठ असतो आणि ऊन माणसाला भाजून काढील इतके असले तरी मारत नाही. कुर्डुवाडीला बार्शीची छोटी गाडी येऊन मिळते. त्या गाडीतून तात्या उतरले आणि अण्णाने आधीच कळवून ठेवल्याप्रमाणे माझ्या डब्यात आले. जाड खादी, हातात छत्री, कमरेला पानाची चंची. बसल्याबरोबर चंची सोडून त्यांनी अडकित्त्याने सुपारी कातरली, मला दिली आणि मगच तोंड उघडले.

"वकीलसाहेब माणूस कसे आहेत?"

"मोकळे आहेत," मी म्हणालो.

"काही व्यसन?"

"नौकानयन."

"ते चालेल," तात्या म्हणाले. "आमच्याकडे नदीला पाणीच नसतं."

मी हे उत्तर शुद्ध बुद्धीने दिले होते. गेल्या चैत्रात अण्णाने माझ्यासमोर पूर्वेकडे तोंड करून, पळीभर पाणी ताम्हनात सोडून मद्यत्यागाचा संकल्प केला होता. भिक्षुकी हा माझा पेशा, म्हणून अण्णा मला शास्त्री म्हणतो; संकल्पाची वाक्ये मीच सांगितली होती. त्याच्या आदल्या वर्षीचीही मीच सांगितली होती. अण्णाची पद्धत अशी की तो दारू सोडतो ती यथाशास्त्र सोडतो, तिथी-वार-नक्षत्रासह. धरताना मात्र मुहूर्त पाहत नाही.

सोलापुरात पहिला मुक्काम नव्या पेठेजवळ, त्याच्या घरी. वहिनींनी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही असे वाढले की तात्यांनी तिसऱ्यांदा भाकरी मागून घेतली. अण्णा त्या रात्री इतका सोज्वळ वागला की मला काळजी वाटू लागली. तात्या झोपायला गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, उद्या तलावावर तुम्ही त्यांच्याजवळ बसा. लांब बसू नका."

"वहिनी, चैत्रात संकल्प झालाय."

"चैत्र सरला तेव्हाच तोही सरला," वहिनी म्हणाल्या आणि दिवा घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दोन टांगे केले. टांगेवाला हिप्परग्यापर्यंतचे दोन रुपये सांगतो आणि आपण चालायला लागलो की एका रुपयात येतो. फक्त खरोखर चालायला लागावे लागते. वाट तुळजापूरची. कोजागिरी दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे देवीला पायी निघालेल्या लोकांनी रस्ता भरलेला होता. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरे, हातात फडकी गुंडाळलेल्या काठ्या. तलावाच्या बंधाऱ्याच्या दगडी उतारावर त्यांतले कितीतरी लोक पाय पाण्यात सोडून विसावले होते. तलाव पाहण्यासारखा आहे, हे मी रागात असूनही कबूल करतो. एवढ्या कोरड्या मुलखात एवढे पाणी म्हणजे कंजूष माणसाच्या घरी अचानक निघालेली श्रीखंडाची परात. पश्चिमेच्या अंगाला सांडवा आहे. तलाव भरला की जास्तीचे पाणी त्या दगडी काठावरून खाली ओढ्यात पडते. त्या दिवशी ते पडत होते आणि त्याचा आवाज धक्क्यापर्यंत येत होता.

धक्क्यावर कुसुमने सुकाणू होडीच्या मागच्या बाजूला बसवले. सुकाणू म्हणजे पुरुषभर उंचीची सागवानी फळी. ती मागच्या दोन लोखंडी कड्यांत वरून खाली सरकवावी लागते, आणि ते करताना पोटावर झोपून पाण्यावर लोंबावे लागते. तिने पदर खोचला, झोपली, बसवले, उठली. तात्यांनी छत्री टेकून ते सगळे पाहिले. मला वाटते, त्यांना ते आवडले.

तेवढ्यात अण्णा होडीच्या मागल्या टोकाशी बसून काहीतरी पाण्यात सोडताना दिसला. जाळीत गुंडाळलेले, जड, आणि एकमेकांवर आपटून काचेचा आवाज करणारे. धूर दिसल्यावर अग्नीचे अनुमान करायला न्यायशास्त्र लागत नाही.

"काय आहे ते?"

"सरबत. उन्हाळ्यात विहिरीत कलिंगड सोडतोस ना, तसं. खोल पाणी गार असतं."

"सरबताला चार बाटल्या?"

"शास्त्री, हळू बोल. आपण मधोमध गेलो की तुला आणि तात्यांना खरंच सरबत देईन, ते वेगळं आहे. हे माझं औषध."

"चैत्रात—"

"चैत्रात मी सोलापुरात होतो. हा तलाव शहराच्या हद्दीबाहेर आहे."

मी त्याला सांगितले की हे काढ, नाहीतर मी आत बसत नाही. तो म्हणाला, नको बसूस. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. मी बसलो. जाळी होडीला बांधलेला दोर गिरणीच्या सुताचा होता. सोलापूरकरांना सांगायला नको, बैल तुटेल पण तो दोर तुटणार नाही. वल्ही अण्णाने काठावरच वहिनींच्या पायाशी ठेवली. शिडाच्या होडीत वल्ही घेणे म्हणजे पागोट्यावर टोपी घालणे, असे त्याचे मत. वहिनी होडीत बसल्या नाहीत. त्यांनी पाण्याकडे एकदा पाहिले, नवऱ्याकडे एकदा पाहिले, आणि जेवणाचे डबे जवळ ओढून झाडाखाली बसल्या.

आम्ही चौघे निघालो. पुढे तात्या छत्री उघडून, मध्ये मी, मागे अण्णा सुकाणूवर आणि त्याच्याजवळ कुसुम. सुरुवातीचा अर्धा तास फार सुखाचा गेला. वाऱ्याने शीड भरले, पाणी बुडाशी बोलू लागले. तात्या म्हणाले, बैलगाडीपेक्षा धक्के कमी आहेत.

लवकरच अण्णाला शिडापलीकडच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा तपासायची गरज भासू लागली. शीड मोठे, त्यामागे गेलेला माणूस गुडघ्यापर्यंतच दिसतो. अण्णा सुकाणू कुसुमच्या हाती देऊन शिडामागे जायचा, त्याचे गुडघे थोडा वेळ स्थिर राहायचे, मग तो परत यायचा आणि पूर्वीपेक्षा अधिक प्रेमळ झालेला असायचा. पाण्याखालच्या चार बाटल्यांशिवाय कोटाच्या खिशातही त्याने तरतूद केली होती. तिसऱ्या फेरीनंतर त्याने तात्यांना 'बंधू' म्हटले. चौथ्या फेरीनंतर त्याला कुसुमच्या लहानपणीची गोष्ट आठवून डोळे भरून आले.

"वकीलसाहेबांना वारा लागलाय का?" तात्यांनी मला विचारले.

"लागलाय," मी म्हणालो.

अण्णाने होडी वळवायची ठरवली, कारण वारा आता आम्हाला पश्चिमेकडे, सांडव्याच्या अंगाला नेत होता. त्याने सुकाणूचा दांडा ओढला. दांडा हलला नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढला. तरीही नाही. होडी ज्या दिशेला तोंड करून होती त्याच दिशेला चालत राहिली. काठावरून पाहणाऱ्याला वाटावे की आम्ही मुद्दामच तिकडे निघालो आहोत.

"अडकलं का?" मी विचारले.

"अडकत नाही. सुकाणं अशी असतात. थोडा वेळ रुसतात."

कुसुम वाकून मागे पाहू लागली. मीही पाहिले. अण्णाच्या मागल्या वळणावर जाळी बुडाखालून फिरून आली होती. दोर फळी आणि होडी यांच्या मधल्या फटीत शिरला होता, आणि चार बाटल्यांच्या वजनाने तो तिथे असा आवळला होता की सुकाणू लाकडी खुंट्यासारखे घट्ट झाले होते. वर ओढून पाहिला, येईना. गाठ पाण्याखाली.

"बाबा, कापावा लागेल."

"थांब जरा. वारा पडेल आत्ता."

"शीड उतरव," मी म्हणालो.

"शीड उतरवलं तर नुसतं पाणी ओढून नेईल. तुला नौकाशास्त्र कळत नाही, शास्त्री."

ते मात्र खरे होते. मला कळत नव्हते. सांडव्याचा आवाज मात्र कळत होता. तो वाढला होता. मला पोहता येत नाही. तात्यांना येत नव्हते. कुसुमला येत नव्हते, कारण आमच्याकडे मुलींना होडी चालवायला शिकवणारा बापसुद्धा पोहायला शिकवत नाही. चौघांत पोहणारा एकच, आणि तो वारा पडायची वाट पाहत होता.

बंधाऱ्यावरचे तुळजापूरचे यात्रेकरू उठून उभे राहिले.

"ओ पाव्हणं, तिकडं कुटं? तितं सांडवा हाय की."

"न्हाय ऐकू येत त्येंना."

"येतंय की. वकील हायत, मुद्दाम न्हाय ऐकत."

"वळवा की वो, लई जवळ गेलाय."

अण्णाने त्यांना हात हलवून अभिवादन केले.

कुसुमने पुन्हा विचारले, "बाबा, कापू?" तिच्या आवाजात राग नव्हता, हे मला नंतर आठवून जास्त लागले. ती खरोखर परवानगी मागत होती. तिला ठाऊक होते की कापायचे तर का कापायचे हे समोर बसलेल्या माणसाला सांगावे लागेल, आणि मग बार्शी कदाचित संपली. अण्णालाही ठाऊक होते. त्याने तिला अडवले ते मुलीच्या लग्नासाठी की त्या चार बाटल्यांसाठी, हे त्याचे त्याला तरी वेगळे करता आले असते का, मला शंका आहे.

"थांब म्हणतो ना."

मग ती त्याच्याकडून तोंड फिरवून होडीच्या पुढच्या टोकाशी गेली.

"तात्या, तुमचा अडकित्ता द्या."

"कशाला गं?"

"सुकाणूत दोर अडकलाय. बाबांच्या दारूच्या बाटल्या आहेत खाली, गार करायला सोडलेल्या. तो दोर तोडल्याशिवाय होडी वळणार नाही."

तात्यांनी छत्री मिटली. चंची सोडली. सुपाऱ्या, कात, लवंगा सगळे बाजूला करून अडकित्ता काढला आणि पुसून तिच्या हातात दिला. एवढेच. ती पोटावर झोपली, मी तिचे पाय धरले, तात्यांनी माझा पंचा धरला. होडी डुलत होती. अडकित्ता सुपारीसाठी असतो. गिरणीच्या सुताचा दोर तो एका चाव्यात तोडत नाही. तिने कातरला, पुन्हा कातरला, पुन्हा. पुढे सांडव्याचा काठ मला स्पष्ट दिसत होता. त्याच्यावरचे पाणी गुळगुळीत, काचेसारखे वाकलेले होते.

दोर तुटला. जाळी खाली जाऊ लागली आणि अण्णा पाण्यात गेला.

त्याने उडी मारली की तो पडला, याविषयी दोन मते आहेत. त्याचे मत पडलो असे आहे. बाकी सर्वांचे दुसरे आहे.

कुसुमने पाण्याकडे पाहिले, मग दांडा धरला. मी तिला सांगितले, "अगं, अण्णा." ती म्हणाली, "त्यांना पोहता येतं, काका. तुम्हाला येत नाही." आणि तिने होडी वळवली. शीड एकदा जोरात फडफडले, होडी इतकी कलली की तात्यांची छत्री गेली, आणि मग आमचे तोंड पूर्वेकडे झाले. आयुष्यात मी अनेक वेळा पूर्वेकडे तोंड करून बसलो आहे. एवढ्या भक्तिभावाने कधी नाही.

अण्णा बंधाऱ्याच्या दगडांकडे पोहत गेला. मध्ये एकदा बुडी मारली, म्हणजे तोवरही आशा होती. यात्रेकरूंनी एक धोतर सोडून त्याला वर ओढले. वर आल्यावर एकाने त्याचे तोंड हुंगले आणि म्हणाला, "देवीला जायाचं न्हाय तुमी आज. घरी जावा." धक्क्यावर आम्ही उतरेपर्यंत तो ओल्या कपड्यांनी बंधाऱ्यावरून चालत आला होता. वहिनींनी त्याला कोरडे धोतर दिले आणि पाने मांडली. तेवढेच त्यांच्या हातात होते.

जेवण कसे झाले ते विचारू नका. धपाटे उत्तम होते. तात्यांनी हात धुतले आणि कुसुमला विचारले, "घरात हे रोजचं आहे?"

"रोजचं नाही," कुसुम म्हणाली. "रविवारी असतं. आणि खटला हरला की."

"आणि जिंकला की?"

"तेव्हाही."

तात्यांनी मान हलवली. वहिनी भांडी आवरता आवरता थांबल्या होत्या. तात्या त्यांच्याकडे वळून म्हणाले, "मुलाला घरी जाऊन सांगतो की पोरगी आपल्याशी खोटं बोलणार नाही. त्याचं बाकीचं ठरलेलंच होतं." वहिनी उभ्याच होत्या, त्या खाली बसल्या.

आता अण्णाला कंठ फुटला. तो उठला, पाण्याच्या काठाशी गेला, ओंजळ भरली, पूर्वेकडे तोंड केले.

"शास्त्री, संकल्प सांग."

माझा संयम इथे संपला. मी म्हणालो की मला तिथी आठवत नाही. तो म्हणाला, द्वादशी की त्रयोदशी, तू जोशी आहेस, काढ. मी म्हणालो की मी सांगणार नाही. वर्षाला एक याप्रमाणे देवांना तुझ्याकडून खोट्या साक्षी ऐकवण्याचे काम मी बंद केले आहे. त्याच्या ओंजळीतले पाणी बोटांमधून गळत होते आणि तो खरोखर रडत होता. वाईट वाटले. पण सांगितला नाही.

कुसुम दरम्यान होडीपाशी गेली होती. तिने पोटावर झोपून सुकाणू कड्यांतून वर ओढले आणि खांद्यावर घेऊन आली.

"हे माझ्याबरोबर बार्शीला जाईल," ती म्हणाली.

"अगं, त्याशिवाय होडी—"

"चालणार नाही. तुम्ही घरी प्यालात तर आई आहे. पाण्यावर तुमच्याजवळ कोणी नसणार."

तात्यांनी विचारले, हे रुखवतात मांडायचे का. ती म्हणाली, तुमची हरकत नसेल तर. त्यांनी जरा विचार केला. "लोक विचारतील हे काय. सांगू, आमच्या सुनेचं आहे." आणि परतीच्या टांग्यात त्यांनी ती ओली फळी आडवी मांडीवर घेतली. टांगेवाल्याने तिचे चार आणे जास्त लावले. ते मी दिले.

निघायच्या दिवशी स्टेशनावर कुसुम मला पोहोचवायला आली होती. मी तिला म्हणालो, एखाद्या वेळी संकल्पाने सुधारलाही असता. ती म्हणाली, "काका, बाबा शपथ मनापासून घेतात. आणि मनापासूनच मोडतात. त्यात खोटं काही नसतं, म्हणून तर धरता येत नाही."

अण्णा चहा घेऊन आला. एक कप मला दिला, कुसुमला पुस्तकांच्या दुकानाकडे पाठवले आणि कानाशी लागला. "नव्या पेठेत एक सुतार ओळखीचा आहे. आठ दिवसांत तसंच दुसरं करून देईल."

मी चहा खाली ठेवला. "आणि बसवणार कोण?"

अण्णा काही तरी बोलणार होता. त्याने कुसुमकडे पाहिले. ती दुकानात पुस्तक चाळत होती. "ते नेहमी तीच बसवायची," तो म्हणाला. "मला खाली वाकलं की चक्कर येते." गाडी हलेपर्यंत तो दुसरे काही बोलला नाही. अण्णाच्या बाबतीत ही अपूर्व गोष्ट आहे.

घरी येऊन मी सगळे सांगितले. उडीपर्यंत आमचे कुटुंब हसले. मग तिने विचारले, "लग्न झाल्यावर भावोजींच्या होडीत त्यांच्याजवळ कोण बसणार?"

मी म्हणालो, होडीच चालणार नाही. ती म्हणाली, अण्णा भावोजींची ना? चालेल.

ज्यांना हिप्परग्याला जायचे आहे त्यांनी अवश्य जावे. टांगा एका रुपयात ठरतो, पाणी सुंदर आहे, आणि जो होडीत घेऊन जाणार असेल त्याला बसण्यापूर्वी अगदी जवळ जाऊन नमस्कार करावा, श्वास घेऊन. वल्ही आत आहेत का पाहावे. मी स्वतः पुन्हा जाणार नाही, असे चार जणांना सांगून झाले आहे. अण्णासारखा मूर्ख मनुष्य मी पाहिलेला नाही, हेही सांगून झाले आहे.

तरीपण सध्या रोज सकाळी मी पाठीला सुका भोपळा बांधून नदीच्या डोहात हातपाय मारत असतो. वय पंचेचाळिशीच्या पुढे, पोट भोपळ्याशी स्पर्धा करणारे. काठावरची पोरे हसतात. ओळखीचे लोक कारण विचारतात, त्यांना मी प्रकृतीसाठी म्हणून सांगतो. कालपासून भोपळा लहान घेतला आहे.